यादी द्या, यादीचा फोटो नको : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : महापालिकांच्या याद्या जुळवता येतील अशा स्वरूपात प्रसिद्ध करण्याबाबत

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे आणि नवी मुंबई महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे माणसे राहत असतानाच दुरुस्त करायची आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. वर्गवारी चांगली आहे, बातमीही दरवर्षी छापून येते. त्यापुढचा प्रश्न मात्र विचारायची सोय नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी सी-२ब मध्ये असलेली कोणती इमारत आज सी-१ मध्ये आली? यादीतून जी गेली ती पाडली, दुरुस्त झाली, की नुसतेच नाव गळले?

याचे उत्तर शोधायचे तर दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवाव्या लागतात, आणि तिथेच गाडे अडते. अशा याद्यांत इमारतीला कायमचा क्रमांक नसतो, फक्त त्या वर्षीचा अनुक्रमांक असतो. एका वर्षी ‘साईकृपा अपार्टमेंट’, पुढच्या वर्षी ‘साई कृपा को-ऑप. सोसायटी’, पत्ता ‘मंदिराच्या मागे’. कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत साईकृपा नावाच्या इमारती किती असतील, याचा अंदाज आपल्यालाही असेलच.

मी ठाणे-नवी मुंबईत शोधपत्रकारिता करतो. लोकांना वाटते, आम्हाला कोणीतरी रात्री पाकीट आणून देते. पाकिटे क्वचित येतात. बहुतेक वेळा गुपित असे काही नसतेच. दोन खात्यांच्या दोन याद्या असतात, दोन्ही सार्वजनिक असतात आणि त्या एकमेकींशी कोणी ताडून पाहिलेल्या नसतात. इमारतींचेच घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्तीची (दंडाची) तरतूद आहे. म्हणजे जिथे ती आकारली जाते, तिथे कर विभागाच्या संगणकात अनधिकृत इमारतींची यादी आयती तयार असते. अतिक्रमण विभागाकडे नोटिसांची वेगळी यादी. नगररचना विभागाकडे बांधकाम परवानग्या आणि भोगवटा प्रमाणपत्रांची तिसरी. एका छपराखालच्या या तीन याद्या जुळवल्या, तर कोणत्या इमारतीकडून शास्ती घेतली जाते पण तिला नोटीस मात्र कधीच गेली नाही, हे दुपारच्या चहाआधी कळेल. (कदाचित म्हणूनच कोणी जुळवत नसावे. हा माझा संशय, पुरावा नाही.)

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. ती जुनी नव्हती, त्यामुळे धोकादायक इमारतींच्या यादीत सापडण्याचा प्रश्नच नव्हता. अशी इमारत सापडते ती परवानग्यांच्या यादीत नसण्यातून. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींसाठी बनावट परवानग्या जोडून महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाचे, नोंदणी क्रमांक मिळवले गेले. एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारात कागद काढले, न्यायालयात धाव घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितले. तोवर माणसे त्यांत राहायला आली होती. महारेराची नोंदणी कोणालाही पाहता येते. खऱ्या परवानग्यांची यादी तशीच खुली आणि जुळवण्याजोगी असती, तर हा उद्योग एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्यानेही पकडला असता, आणि तोही घरे विकली जाण्याआधी.

जुळणीचा एक क्रमांक काय करू शकतो, हे राजकीय पक्षांना देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांनी अख्ख्या देशाला दाखवले. १४ मार्च २०२४ रोजी निवडणूक आयोगाने दोन याद्या टाकल्या. एकीत रोखे कोणी घेतले, दुसरीत कोणत्या पक्षाने वटवले. मधला दुवा गायब. सर्वोच्च न्यायालयाने रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेला पुन्हा फटकारल्यावर २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक आले आणि कोणाचा पैसा कोणाकडे गेला, हे पत्रकारांनी काही तासांत मांडले. माणसे तीच, रकमाही त्याच. वाढला होता फक्त क्रमांकाचा एक रकाना.

आता थोडे आमच्या रोजच्या कामाबद्दल. जिल्ह्यातल्या एका महापालिकेकडे मी माहिती अधिकारात एक यादी एक्सेलमध्ये मागितली. यादी संगणकावरच केलेली होती, हे दिसत होते. ती छापली, शिक्का मारला आणि पानाला दोन रुपये घेऊन माझ्या हातात दिली. वास्तविक २००५ च्या कायद्याचे कलम ७(९) सांगते की माहिती सहसा मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. संकेतस्थळावरही हाच प्रकार : छापायचे, सही करायची, स्कॅन करायचे, तिरपे पान चढवायचे. आणि चुकून स्कॅन नसलेली पीडीएफ मिळालीच, तर ती जुन्या फॉन्टमध्ये. मजकूर उचलून शीटमध्ये टाकला की ‘नौपाडा’ऐवजी इंग्रजी अक्षरे आणि कंस उमटतात. कुठल्याही संगणकावर मराठी सारखीच वाचता येईल असे युनिकोड येऊन इतकी वर्षे झाली, तरी हे सुरूच आहे!

अधिकाऱ्यांचा एक मुद्दा मी नेहमी ऐकतो : एक्सेल दिली तर कोणीही आकडे बदलेल. मग सहीची पीडीएफही शेजारी ठेवा. खोटे पाडायला तीच उपयोगी पडेल. दुसरा मुद्दा खासगीपणाचा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीबाबतचे कलम ८(१)(ञ) बदलल्यापासून तो जास्त ऐकू येतो. आम्हाला भाडेकरूंची नावे आणि मोबाइल नंबर नकोतच. इमारत ही व्यक्ती नव्हे, आणि पालिकेच्या पैशाने रस्ता करणाऱ्या ठेकेदाराचे नाव ही त्याची खासगी बाब नव्हे.

जमते तिथे शासन हे करतेच. प्रत्येक शासन निर्णयाला अठरा अंकी संकेतांक असतो, त्यामुळे एक निर्णय दुसऱ्यात मिसळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नेरूळ, महापे इथल्या हवेच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घेऊ देते. शाळेतली मुलेसुद्धा त्यावर आलेख काढू शकतात.

तेव्हा एक परिपत्रक काढावे, एवढेच मागणे आहे. प्रत्येक इमारतीला एकच कायम क्रमांक, कर, नगररचना, अतिक्रमण आणि धोकादायक यादी या चारही ठिकाणी तोच. नवी मुंबईत तो सिडको (शहर वसवणारे महामंडळ) आणि एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) यांच्या नोंदींतही हवा. दिघ्यासारख्या ठिकाणी जमीन कोणाची यावरच वर्षे जातात. ठेक्यांच्या याद्यांत ठेकेदाराचा जीएसटी क्रमांक असावा, म्हणजे नाव बदलून आलेली मंडळी ओळखता येतील. सगळे युनिकोडमध्ये, सहीच्या पीडीएफसोबत.

याद्यांतही चुका असतात, हे आम्ही जाणतो. ‘निष्कासित’ म्हणजे पाडलेली असे लिहिलेली इमारत उभी दिसते, म्हणून शीट बंद करून आम्हाला जागेवर जावेच लागते. चूक सापडली तर ती संबंधित विभागाला आधी लेखी कळवू, मग छापू. नवी यादी चढवताना जुनी काढून टाकू नये, हेही परिपत्रकात घालावे. मागच्या किमान दहा वर्षांच्या याद्या कुठल्या तरी संगणकात असतीलच, त्यांपासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक पत्रकार, कोपरखैरणे