कुत्र्याला डायपर बांधण्यापूर्वी

महोदय,

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात कुत्र्यांना डायपर बांधण्याचे प्रमाण बरेच वाढले आहे. जिन्यात घाण झाल्याच्या तक्रारी नकोत म्हणून, किंवा सकाळी नऊला बाहेर पडलेली माणसे रात्री आठला परततात म्हणून, चांगल्या धडधाकट कुत्र्यांनाही दिवसभर डायपरमध्ये ठेवलेले मी पाहते. आमच्या घरी १३ वर्षांची गावठी कुत्री आहे आणि तिला दीड वर्षापासून डायपर लागतो, तेव्हा या वस्तूला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण आजारपणासाठी असलेली ही सोय फिरायला नेण्याच्या कंटाळ्यावर पांघरूण म्हणून वापरली, की मुक्या जनावराचे हाल होतात. ते कसे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आमची चिंगी झोपेत अंथरूण ओले करू लागली, तेव्हा वय झाले असे म्हणून मी थेट दुकान गाठले आणि डायपरचे पाकीट आणले. पंधरा दिवसांनी पशुवैद्यांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी लघवी तपासून घेतली आणि मग मला चार शब्द सुनावले. तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता आणि ओल्या डायपरमुळे तो वाढण्याचीच शक्यता अधिक होती. मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांतही हेच लक्षण दिसते. शिवाय नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मूत्राशयाचे तोंड बंद ठेवणारा स्नायू पुढे सैल पडू शकतो आणि त्यावर औषध मिळते. चिंगीला ते लागू पडले. आता तिला डायपर फक्त रात्री बांधावा लागतो. नसबंदी न झालेल्या मादीबाबत तर अधिकच सावध राहावे. दोन-तीन आठवड्यांच्या माजात रक्तस्राव होतो, तेवढ्या काळात डायपरमुळे घर स्वच्छ राहते, पण त्याने गर्भधारणा टळत नाही. माज संपल्यानंतर काही आठवड्यांनी घाण वासाचा स्राव दिसला, तर ते गर्भाशयात पू झाल्याचे लक्षण असू शकते. त्यात जिवाला धोका असतो आणि डायपर नेमके तेच लक्षण झाकून टाकतो.

निवड करताना पाकिटावरच्या कुत्र्याच्या चित्रावर किंवा नुसत्या वजनावर जाऊ नये. शिंप्याची टेप घेऊन मागच्या पायांच्या किंचित पुढे कंबरेचा घेर मोजावा आणि बांधल्यावर आत दोन बोटे सहज जातात ना, हे पाहावे. आपल्या गावठी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असल्याने डायपर घसरतो. वरून जुना बनियन घालून त्याला पिन न लावता गाठ मारली, तर तो जागेवर राहतो. नराला पोटाभोवती गुंडाळायचा पट्टा पुरतो, मात्र शीचाही प्रश्न असेल तर तो उपयोगाचा नाही. लहान मुलांचे डायपर स्वस्त पडतात म्हणून मीही शेपटीसाठी कात्रीने भोक पाडले होते. कडेला चिकटपट्टी लावायची राहिली आणि सकाळी पाहते तो चिंगीच्या मिशांना साबुदाण्यासारखे फुगलेले दाणे चिकटलेले. डायपरमधले हे दाणे ओलाव्याने फुगतात. कुत्र्याने डायपरचा मोठा तुकडा गिळला तर आतड्यात अडथळा होऊ शकतो. त्या दिवशी आमचे थोडक्यात निभावले.

शी झाली की डायपर लगेच आणि एरवी दर तीन-चार तासांनी बदलावा, कोमट पाण्याने पुसून अंग पूर्ण कोरडे करावे आणि दिवसातून काही तास कुत्र्याला मोकळे ठेवावे. तसे न केल्यास लघवीने मांड्यांची कातडी लाल होऊन सोलवटते. तेथे बाळाचे पुरळावरचे मलम लावू नये. त्यातील झिंक ऑक्साइड चाटण्यातून पोटात जाते आणि ते कुत्र्यांना बाधते. कापडी डायपर उत्तमच. आमच्या आईने जुन्या लुगड्याचे लंगोट शिवून चार मुले वाढवली, त्याच धर्तीवर मी चिंगीसाठी सहा शिवले आहेत. मात्र आषाढ-श्रावणात ते वाळत नाहीत आणि दमट कापड बांधण्यापेक्षा विकतचा डायपर बरा. रोज तीनदा फिरवून आणले तर निरोगी कुत्र्याला यातले काहीच लागत नाही.

राहता राहिला वापरलेल्या डायपरचा प्रश्न. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरले होते आणि ते गुंडाळून टाकण्यासाठी पाकिटासोबत पिशवी द्यावी, असे उत्पादकांना बजावले होते. मी घेतलेल्या एकाही पाकिटात अशी पिशवी निघाली नाही. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या, कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या ताईंनी सुरुवातीलाच विचारले, "घरात बाळ आलंय का?" कुत्रीचे आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "कुणाचं का असेना, हात तर आमचाच लागतो. कागदात बांधा आणि वर लाल ठिपका काढा." त्या दिवसापासून आपल्या दैनिकाचा आदल्या दिवशीचा अंक आमच्या घरी या कामी येतो, याचा संपादकांनी राग मानू नये.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे