लेथवर काच होत नाही

कोल्हापूर
गुरुवार, रात्री साडेअकरा

दिल्या,

आठ महिने झाले तुझ्या पत्राला, आणि मी उत्तर दिलं नाही. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा साधा फोनही केला नाही, ते मनाला लागून राहिलंय. कारण काहीच नव्हतं, आज करू उद्या करू असं होत गेलं. माझी शुगर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच. ते सोड.

स्टॉर्म सापडली. सॅन मोटर्सची, ती दोन सीटची गाडी.

पिवळी. गोव्याचीच, जीए-03. म्हापशाजवळ एका बंगल्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. आमच्याकडं ओतकामाचे लाकडी नमुने, पॅटर्न, घेऊन येणाऱ्या पोरानं मोबाईलवर फोटो दाखवला, आणि चहाचा कप हातातच गार झाला. ती आंबोलीची नव्हे, मी पहिल्यांदा तेच विचारलं. ती जीए-01 होती, तिचा नंबर मला अजून पाठ आहे. ही 2001ची. मागच्या रविवारी एकटाच एसटीनं जाऊन बघून आलो. तुला न सांगता गेलो म्हणून तू चिडशील, चीड. पण सांगायला तुझ्याशिवाय आहे कोण? शॉपमधल्या पोरांना सांगितलं तर म्हणाली, ‘साठ हॉर्सपॉवर? यापेक्षा जास्त आमच्या स्विफ्टला हाय की.’ खरंच आहे. 1149 सीसीचं रेनॉचं इंजिन, युरोपात क्लिओ आणि ट्विंगोला बसवायचे तेच. पण आपल्याकडं गोव्यात कुणीतरी दोन सीटची, छत उघडणारी गाडी बांधली, फायबरच्या अंगाची, हे त्यांना कसं सांगायचं? तू ती डोळ्यांनी बघितलीस. बघितलीस कसली, तिच्यात बसलास.

हो, तो विषय मी काढणारच. आपल्या येझदी मोटरसायकलचं इंजिन जाम झालं ते पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं तू विसरलास म्हणून. मी पैसे देत होतो, डबा तुझ्या हातात होता. 2002च्या जानेवारीत आंबोलीच्या कठड्यावर आपण दोघं काळेकुट्ट होऊन बसलो होतो, आणि खालून ती छत उघडून आली. तो माणूस थांबला, म्हणाला, ‘एकालाच नेऊ शकतो.’ मी म्हणालो, तू जा. तू गेलास. एकदा सुद्धा ‘तू जा’ म्हणाला नाहीस रे. तीन तासांनी टेम्पो घेऊन आलास तेव्हा तुझे केस उभे होते आणि तू हसत होतास. मी येझदीजवळ बसून होतो. राग कधीच गेला, पण ती सीट अजून माझ्या मनात रिकामी आहे.

आता गाडीचं ऐक. इंजिन तिसऱ्या सेल्फला लागलं. टॅपेटचा आवाज आहे, धूर नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकाला माहीत नाही, म्हणजे ती गाडी बेल्ट बदलल्याशिवाय म्हापसा सोडणार नाही. बॉडी गंजत नाही, पण बॉनेटवर आणि दाराच्या बिजागरीपाशी बारीक तडे आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे. बोटानं ठोकत गेलो, एका जागी आवाज बद्द आला, तिथं थर सुटलाय. त्याची मला भीती नाही. मालवणात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे आहेत, समुद्राच्या लाटा खाणारं अंग जे सांधतात त्यांना बॉनेट काय जड आहे? खालचं लोखंड मात्र खाऱ्या हवेत चोवीस वर्षं राहिलंय. तिथं मी अर्धा तास पाठीवर पडून होतो. एक ब्रॅकेट हातात आला.

पार्ट मिळत नाहीत. पण दिल्या, आपण उद्यमनगरातले, लेथ आणि ओतकामातच वाढलेले. बुश, पिन, ब्रॅकेट, वॉटर पंपाचा इंपेलर, सगळं होईल. जे लेथवर होणार नाही त्याचा पॅटर्न करून ओतून घेऊ. झोप उडालीय ती काचेनं. पुढची काच. एक दगड उडाला की संपलं. लेथवर काच होत नाही. एकाला विचारलं, तो म्हणाला साचा करून लॅमिनेटेड काच बनवता येईल, पण एका काचेसाठी साचा, म्हणजे किंमत विचारूच नका. म्हणजे विकत घेतलेली गाडी रस्त्यावर काढताना रोज पुढच्या डंपरकडं बघत राहायचं. तसं चालवणं म्हणजे चालवणं का, हे तू सांग.

दुसरं पेट्रोल. आता सगळीकडं वीस टक्के इथेनॉल. 2001चे रबरी पाइप आणि सील त्याच्यासाठी बनलेले नाहीत, फुगतात, चिरतात. व्हायटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, पाइप टाकता येतील. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि ही गाडी पावसाळ्यात चार महिने उभीच राहणार. म्हणजे जूनमध्ये टाकी रिकामी करायची, दरवर्षी.

तिसरे कागद. आरसी 2026पर्यंतच आहे. वीस वर्षांवरच्या गाडीला आता नूतनीकरणाचे दहा हजार, पाच वर्षांसाठी, हरित कर वेगळा. कोल्हापुरात आणायची तर गोव्याची एनओसी, इथला रोड टॅक्स, एमएच-09. आणि विम्यासाठी गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवायची. थर्ड पार्टीवरच भागवावं लागेल असं दिसतं.

मालक साडेचार लाख म्हणतो, चारावर येईल. हिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘पोरीच्या फीला हात लावायचा नाही, बाकी तुम्ही बघा. पण घेतली तर मलाच पहिल्यांदा बसवायचं.’ मी हो म्हणालो आणि रात्रभर तळमळलो. कारण पहिली सीट कुणाची, ते माझ्या डोक्यात तेवीस वर्षं ठरलेलं आहे. तुझी. ती झाली असेल एकदा बसून, तरी तुझीच. तू आणि मी त्यात नसलो तर ती नुसती जुनी, तडे गेलेली पिवळी गाडी आहे, आणि चार लाखांत मी ती घेणार नाही.

तळेगावच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? सोनूची बारावी कशी गेली? वहिनींना सांग, तिखट पोचलं, संपलंसुद्धा.

मालकानं येत्या रविवारपर्यंत थांबतो म्हटलंय. शनिवारी रात्रीच्या गाडीनं इथं ये, पहाटे एसटीनं म्हापशाला जाऊ. तू बेल्ट आणि क्लच बघ, तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. तू नको म्हणालास तर मी हात जोडून परत येईन, शपथ. पण हो म्हणालास तर आंबोली घाटाच्या पायथ्यापर्यंत तू चालव, घाट मी चढवणार.

तुझा,
बंड्या

ता.क. पुट्टी शोधायला चुंबक आणू नकोस, फायबरला चिकटत नाही. उजेडाची बॅटरी आण, ती मोठी.