ह्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबलेल्या ताईंना

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून नुसतं ताई. लंडनच्या हॅरोतल्या मराठी मंडळींना ओळखू येईलच, त्याला माझा इलाज नाही.

बाथरूमला टाइल्स लागून आज तीन आठवडे झाले. आभार मानायला दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा घसा दाटून आला. म्हणून लिहितेय.

ह्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि आमचं घर एका रात्रीत परकं झालं. १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, एक भिंत शेजारच्यांशी सामाईक असलेलं, लंडनच्या या टोकाला रांगांनी आहेत तसलंच. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या वर, बाथरूमही वर. मध्ये तेरा पायऱ्या. हॉस्पिटलातून परतल्यावर बैठकीत पलंग टाकला आणि पडद्याआड कमोडची खुर्ची. ती कोण रिकामी करतंय यावरून ह्यांना रोज मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेव्हा मागे एक खोली आणि बाथरूम काढायचं ठरलं.

त्या बांधकामाचे प्लॅन काढायला तुमच्याआधी आलेल्या गृहस्थांबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, तुम्ही नको म्हणालात तरी. ते घरात वीस मिनिटं होते. "नवीन बांधकाम मागे तीन मीटरच्या आत आहे, प्लॅनिंग परमिशन लागत नाही, निश्चिंत राहा," म्हणाले, पैसे घेतले आणि प्लॅन पाठवले. बिल्डरने ते बघून विचारलं, बिल्डिंग रेग्युलेशन्सची ड्रॉइंग्ज कुठायत? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्लॅनिंगवाले घर बाहेरून कसं दिसतं आणि शेजाऱ्याचा उजेड अडतो का ते बघतात. भिंत उभी राहील का, छप्पर थंडी अडवेल का, सांडपाणी कुठे जाईल, आग लागली तर बाहेर कसं पडणार, हे सगळं दुसऱ्या खात्यात, आणि तिथे आमच्यासारख्या खोलीला माफी नाही. पुन्हा पैसे भरले. नवीन ड्रॉइंग आलं, त्यातल्या टिपांमध्ये लॉफ्टच्या, म्हणजे माळ्याच्या, जिन्याचं कलम होतं. आमच्याकडे लॉफ्टला जिनाच नाही! कुणाच्या तरी घराच्या टिपा उचलून आमच्या घराला डकवलेल्या. विचारायला फोन केला, तर त्यानंतर फोन उचलणंच बंद.

तुम्ही आलात त्या दिवशी पाऊस होता. आल्या आल्या मागच्या अंगणात गेलात, गुडघ्यांखाली प्लास्टिकची पिशवी टाकलीत आणि ड्रेनचं लोखंडी झाकण स्वतः उचकटलंत. मला वर पाठवून फ्लश करायला लावलंत, मग शेजारणीलाही. दोघींचं पाणी एकाच पाइपातून जातं, म्हणजे तो पाइप पाणी कंपनीचा, आणि त्याच्यावर बांधायला त्यांची संमती हवी, असं तुम्ही हात धुता धुता सांगितलंत. शेजारच्यांचा ओक बघून पाया आणखी खोल न्यावा लागेल म्हणालात, कारण इथली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि झाड तिच्यातलं पाणी आणखी शोषून घेतं. जुन्या घराच्या लाकडी जमिनीखाली हवा खेळायला भिंतीत जाळीच्या विटा असतात, नवीन काँक्रीटने त्या बुजल्या तर जमीन कुजेल, हेही तुमच्याकडूनच कळलं. आधीच्या ड्रॉइंगमध्ये त्या विटाच नव्हत्या.

पण हे झालं तुमचं काम. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दहा मिनिटांबद्दल.

तुम्ही बैठकीत आलात, जेवणाची एक खुर्ची भिंतीला लावलीत, तिच्यावर उशी ठेवून ती टेपने मोजलीत, कमोडच्या उंचीइतकी झाली का ते. मग ह्यांच्यासमोर उकिडव्या बसलात आणि विचारलंत, "उठताना तुमचा कोणता हात भिंत शोधतो?"

मी तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. हे बोलायला लागले, शब्द अडकला, परत सुरू झाले. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आधीचे गृहस्थ ह्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलले होते, बाजारात पोराच्या मापाचे बूट घेताना आईला विचारतात तसे. त्यांना काय बोल लावू, तेव्हा मीही तेच करत होते. ह्यांचं प्रत्येक वाक्य मी मायेने आणि घाईने पुरं करून टाकायचे. स्पीच थेरपिस्ट सोडली तर इतक्या महिन्यांत शेवटच्या शब्दापर्यंत थांबलेल्या पहिल्या तुम्हीच.

"उजवा," हे म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "डावा... संपावर आहे."

तुम्ही खदखदून हसलात. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. आजारपणानंतर ह्यांनी केलेला तो पहिला विनोद.

मग तुम्ही ह्यांना चार वेळा उठबस करायला लावलीत आणि हात जिथे टेकला तिथे पेन्सिलीने खूण केलीत. जमिनीपासून ६४० मिलिमीटर. आधीच्या प्लॅनमध्ये कमोडजवळची भिंत डाव्या अंगाला होती. तुम्ही अख्खी बाथरूम आरशात धरावी तशी उलटवलीत. प्लास्टरबोर्डच्या मागे १८ मिलिमीटरचं प्लायवुड कुठून कुठपर्यंत, हे ड्रॉइंगवर लिहिलंत, म्हणजे ह्यांना धरायची दांडी वजन पेलेल. दार बाहेर उघडणारं केलंत. आत कुणी पडलं तर बाहेरून उघडता यायला हवं ना, असं माझ्या कानाशी हळूच म्हणालात, ह्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने.

आणि निघता निघता, चपला घालताना, सांगितलंत की असं काम केवळ अपंग माणसाच्या सोयीसाठी असेल तर कौन्सिल बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे त्या बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या तपासणीची, फी घेत नाही, विचारून घ्या. विचारलं. खरं निघालं. आधीच्या गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

बिल्डिंग कंट्रोलचा इन्स्पेक्टर शेवटच्या फेरीला आला तेव्हा दार बाहेर का उघडतं ते त्याने विचारलं. मी सांगितलं, तर म्हणाला, हे कुणीतरी विचार करून काढलंय.

बैठकीतली पेन्सिलची खूण मी रंगाऱ्याला पुसू दिली नाही. ह्यांना हे पत्र वाचून दाखवलं. डावा अजून पूर्ण कामावर रुजू झालेला नाही, पण वाटाघाटी चालू आहेत, एवढं तुम्हाला कळवायला सांगितलंय.