तेरा अक्षरं

ठाणे
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

पाच महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या दे, हक्क आहे तुझा. पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. माझं बीपी ठीक, गोळ्या चालू.

वागळे इस्टेटजवळच्या शाळेत शनिवारी शाळा सुटल्यावर गाणी लिहिण्याचा वर्ग घेतो, हे तुला माहीत आहे. फी नाही. पेटी भजनी मंडळाची, कागद जुन्या वह्यांचे. पहिल्या दिवशी मुलांना सांगितलं, की पी. सावळाराम आपल्या ठाण्याचे, एवढी गाणी लिहिली आणि शहराचे नगराध्यक्षही झाले. मागून एक पोरगा म्हणाला, "सर, मग गटारं पण त्यांनीच बांधली?" थेट तूच आठवलास.

तर सातवीतली एक मुलगी. तिनं लिहून आणलं, 'रात्री माझी आई रोज, डबा घेऊन निघते'. आठ-आठ अक्षरं, बिनचूक. पुढची ओळ, 'आई येते तेव्हा मी शाळेत असते'. तेरा. मी पेन्सिल घेतली आणि 'आई येता मी शाळेत' केलं. पेटीवर वाजवून दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती कागदाकडे बघत म्हणाली, "सर, आम्ही घरी असं नाही बोलत." मी म्हणालो, "गाण्यात चालतं." तिनं कागदाची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक. काल तिसरा शनिवार, ती आली नाही.

बाळ्या, "गाण्यात चालतं" हे मी तुलाही म्हणालो होतो. एकांकिकेच्या गाण्यात तुझा 'कंदील' काढून मी 'दीप' घातला, आणि तलावपाळीच्या कठड्यावर तू माझी गचांडी धरलीस. "आमच्या घरात कंदील होता रे, दीप नव्हता!" चार महिने बोलला नाहीस. माझी सायकल मात्र तेवढे दिवस बिनदिक्कत फिरवलीस. तुझं बरोबर होतं. आज लिहून देतो.

जास्त टोचतं ते वेगळंच. महिन्याभरापूर्वी मीच मुलांना आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या आणायला सांगितल्या होत्या. त्यांत अक्षरं कोण मोजतं? एका चरणात सात, दुसऱ्यात दहा. स्वर ओढून, मध्ये 'बाई' घालून, जात्याच्या फेऱ्याबरोबर बायका ते बरोबर जुळवतात. हे मी फळ्यावर लिहून समजावलं, आणि तिच्या 'असते'ला जागा दिली नाही. अरे, त्या पोरीचं सगळं म्हणणं त्या 'असते'त होतं. आई दमून घरी येते, आणि घरात लेक नसते.

आज दुपारी पेटी घेऊन बसलो. 'शाळेत'वर जरा थांबलो, 'असते' केरवा तालाच्या पुढच्या आवर्तनात सोडलं. बसते रे ती ओळ! आहे तशी बसते.

उद्या मधल्या सुट्टीत तिला भेटायला जातो. खोडलं सगळ्यांसमोर, मग चूक झाली हेही सगळ्यांसमोर म्हणू का? की पोर आणखी बुजेल? त्या चार महिन्यांत मी काय म्हणालो असतो म्हणजे तू बोलला असतास? खरंच विचारतोय.

वहिनींचा गुडघा कसा आहे? मुलाला नोकरी लागली ते कळलं, फार आनंद झाला. बदलापूरच्या घराचं पुढे काय झालं ते सविस्तर सांग.

सुट्टी साडेनऊला होते. त्याआधी फोन कर.

तुझा,
पक्या