सोबत राहणाऱ्याच्या कमरेचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

वॉर्डात परिचारिका कमी आणि रुग्ण जास्त असले, की अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची कूस बदलणं, पुसणं, भरवणं सोबतच्या नातेवाइकावरच येतं. त्याला ते शिकवतात डिस्चार्जच्या दिवशी, औषधांच्या पिशवीसोबत, घाईघाईत. तोवर त्याची पाठ धरलेली असते.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. पण हे एकट्यानं काखेत हात घालून ओढण्याचं काम नव्हे. अर्धांगवायूच्या रुग्णाचा लुळा खांदा त्यात निखळू शकतो आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. रुग्णाच्या अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत घडीची चादर आडवी घालावी, खाटेचे ब्रेक लावावेत, खाट वर होत असेल तर कमरेइतकी उंच घ्यावी आणि दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून एकदम सरकवावं. पण पास एकच! दुसरा माणूस गेटवर सिक्युरिटीशी हुज्जत घालतोय.

रात्री भ्रम झालेला रुग्ण नाकातली नळी उपसतो, म्हणून सोबतच्याला डोळा लावता येत नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र दिवसभर पिशवीत राहिलं की भ्रम वाढतो, हेही कुणी सांगत नाही.

दाखल केल्या दिवशीच पंधरा मिनिटं काढून हे करून दाखवावं. अशा रुग्णांना दुसरा पास द्यावा. आणि खाटेशेजारी स्टुलाऐवजी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवावी.

– काही परिचारिका, पुणे