आधी प्राध्यापक, मग परिभाषा

संपादक महोदय,

उच्च शिक्षण मराठीतून देण्याचा विषय निघाला की एक हरकत ठरलेली असते: परिभाषा नाही, पाठ्यपुस्तके नाहीत, ती तयार झाली की बघू. हा क्रमच उलटा आहे असे आम्हांला वाटते. लिथुआनियात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक वोसिलियस सेझेमानस यांची कारकीर्द त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

लिथुआनिया रशियन साम्राज्यात होता तेव्हा १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायलाच बंदी होती. पुस्तके शेजारच्या प्रशियात छापून सीमेवरून चोरून आणावी लागत, आणि पकडले गेलेल्यांची रवानगी सैबेरियातही होई. बंदी उठल्याला जेमतेम अठरा वर्षे झाली होती तेव्हा, १९२२ मध्ये, काउनासला लिथुआनिया विद्यापीठ उघडले. व्हिल्नियस पोलंडच्या ताब्यात गेल्यामुळे काउनास ही तात्पुरती राजधानी होती. तिथे पाठ्यपुस्तकांची वाट पाहत कोणी बसले नाही. आधी माणसे नेमली.

सेझेमानस तिथे पोचले १९२३ मध्ये. त्यांचा जन्म १८८४ चा, तेव्हाच्या फिनलंडमधल्या व्हिबोर्गचा. आई जर्मन, शिक्षण सेंट पीटर्सबर्गचे. आधी वैद्यकाला नाव घातले, ते सोडून तत्त्वज्ञान आणि ग्रीक-लॅटिन घेतले. पुढे जर्मनीत मारबुर्गला हेरमान कोहेन आणि पाउल नाटोर्प या नवकांटवाद्यांकडे, म्हणजे कांटचे तत्त्वज्ञान नव्याने मांडणाऱ्यांकडे, अभ्यास केला. परतल्यावर ते प्रिव्हाटडोझेंट झाले, म्हणजे व्याख्याने देण्याचा अधिकार आहे पण कायम जागा नाही. (आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.) रशियन क्रांतीनंतर काही काळ तिथल्याच सारातोव्हला, मग बर्लिनला. पक्की नेमणूक मिळाली ती काउनासला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि तीही अशा देशात जिथली भाषा त्यांची नव्हती.

ती भाषा ते शिकले आणि तिच्यातून शिकवू लागले. १९२९ मध्ये त्यांचे तर्कशास्त्राचे पुस्तक लिथुआनियनमध्ये आले, १९३१ मध्ये ज्ञानमीमांसेचे, म्हणजे ज्ञान म्हणजे काय या विचाराचे. याच सुमारास, १९२७ आणि १९३० मध्ये, ज्ञानाच्या समस्येवरचे त्यांचे मूळ संशोधन जर्मनमध्ये छापून आले, तेही विद्याशाखेच्या ‘एरानुस’ या स्वतःच्या नियतकालिकात. वर्गासाठी लिथुआनियन, बाहेरच्या विद्वानांसाठी जर्मन अशी ही सरळ विभागणी होती. मातृभाषेतून शिकवले की माणूस जगापासून तुटतो, असे म्हणणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

आता तारखा एका ओळीत मांडून पाहा. विद्यापीठ १९२२, नेमणूक १९२३, पहिले पाठ्यपुस्तक १९२९. आणि तत्त्वज्ञानाच्या सर्वसाधारण परिभाषेचा संग्रह त्याच विद्यापीठातले स्टासिस शाल्काउस्किस यांनी प्रसिद्ध केला तो १९३८ मध्ये, विद्यापीठ सोळा वर्षांचे झाल्यावर. संग्रह सर्वांत शेवटी आला, कारण तोवर संज्ञा वर्गात वापरून, मुलांच्या शंकांना तोंड देऊन घासल्या गेल्या होत्या.

हे असेच का व्हावे लागते? सेझेमानस यांच्याच मुख्य भेदाचे बघा. समोर ठेवलेल्या वस्तूचे ज्ञान वेगळे आणि आपण ज्यात आहोत त्याचे आतून होणारे ज्ञान वेगळे, असे ते मांडतात. मी हात उचलतो तेव्हा डॉक्टरला दिसते ती हालचाल. मला हात उचलला जात असल्याचे आतूनच कळते, त्यासाठी हाताकडे बघावे लागत नाही. मग हे दुसरे कळणे शब्दांत मांडले की ते पहिल्या प्रकारचे होऊन बसते का? हा प्रश्न वर्गात तास-दोन तास घोळवावा लागतो. शब्दसूची कितीही चांगली असली तरी तिथे ती कामाला येत नाही.

बिघडले कुठे, तेही सांगायला हवे. भाषेमुळे काहीच अडले नाही. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने धर्मशास्त्र-तत्त्वज्ञान शाखा बंद केली. सेझेमानस तोवर व्हिल्नियसच्या विद्यापीठात गेले होते; १९४३ मध्ये नाझींनी ते विद्यापीठच बंद केले. आंतानास माचेइना यांच्यासारखे तरुण प्राध्यापक १९४४ मध्ये जर्मनीला निघून गेले. सेझेमानस मागे राहिले. १९५० मध्ये त्यांना अटक झाली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि ते सैबेरियात ताइशेतच्या छावण्यांत गेले. तिथेच सैबेरियातल्या बुर्यात समाजाचे बौद्ध पंडित बिद्या दांदारोन यांच्याशी त्यांची तत्त्वचर्चा चाले. १९५६ मध्ये सुटका, मग पुन्हा व्हिल्नियस विद्यापीठ. १९५९ मध्ये त्यांनी केलेला ॲरिस्टॉटलच्या ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथाचा लिथुआनियन अनुवाद निघाला. १९६३ मध्ये ते वारले. सौंदर्यशास्त्राचा ग्रंथ १९७० मध्ये, त्यांच्या पश्चात छापला गेला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी छावणीतून सुटलेला माणूस पुन्हा त्याच भाषेत काम करतो, याबद्दल आम्हांला अतोनात आदर वाटतो.

आपल्याकडे दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ १९७४ मध्येच तीन खंडांत सिद्ध झाला. परिभाषा नाही ही सबब तेव्हाच संपायला हवी होती. कमी आहे ती कोश उघडून रोज शिकवणाऱ्या, कायम जागेवरच्या माणसांची. तासावर पैसे घेणारा अध्यापक चार महाविद्यालये धरून पळत असताना पाठ्यपुस्तक कधी लिहिणार?

म्हणून आमची मागणी अशी: तत्त्वज्ञानाची रिक्त पदे पूर्णवेळ भरावीत. नेमणुकीनंतर तीन वर्षांच्या आत पदव्युत्तर वर्गाची निदान एक अभ्यासपत्रिका मराठीतून शिकवण्याची अट जाहिरातीतच घालावी. त्या व्याख्यानांची टिपणे दर सत्राअखेर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावीत आणि दोन-तीन तुकड्यांना शिकवून झाल्यावरच त्यांचे पुस्तक करावे. महाकोशाची सुधारित आवृत्ती या टिपणांत रुळलेल्या संज्ञांवरून काढावी, आणि तिला दहा-पंधरा वर्षे लागली तरी चालतील.

आपले,
तत्त्वज्ञानाचे काही अध्यापक, पुणे