झडप बसली, तपासणीचे काय?

महोदय,
धाकट्या बहिणीला लहानपणी सांध्यांचा ताप आला आणि हृदयाची झडप निकामी झाली. आज तिच्या छातीत तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली झडप आहे. धातूच्या कड्यात एक तिरकी होणारी चकती, एवढीच ती वस्तू. पण हृदय वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास ठोके देते आणि दर ठोक्याला ती चकती उघडून मिटावी लागते. ही झडप घडवणारे हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आधीची तीन मॉडेल्स फसली. नीलमण्याची कठीण चकतीही टिकली नाही. शेवटी जमले ते चिवट प्लास्टिकच्या चकतीने, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. मला त्या माणसांच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

मात्र या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. डोस कमी पडला तर झडप अडकते, जास्त झाला तर रक्तस्राव. त्यासाठी रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी पीटी-आयएनआर तपासणी नियमित हवी. आमच्या तालुक्यात ती होत नाही. बहीण दर महिन्याला पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला जाते, त्या दिवसाची मजुरी बुडते. मागच्या पावसाळ्यात दोन खेपा चुकल्या आणि हिरड्यांतून रक्त थांबेना.

बोटाच्या थेंबावर ही तपासणी करणारी छोटी यंत्रे मिळतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असे एक यंत्र आणि त्याच्या पट्ट्यांचा नियमित पुरवठा आरोग्य विभागाने करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, जि. सातारा